सरांच्या नावाचं पान

पत्र :

माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर या हिवाळ्यात सहस्रचंद्रदर्शनाला पोचतात. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं, शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होते. सुट्टीच्या दिवशी सायकलवर, पुढे एसटीनं, गावोगाव फिरून त्यांनी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिला), गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दगड) आणि शिलालेख वाचले. तीन पुस्तकं आहेत, त्यातली दोन स्वखर्चानं काढलेली. चाळीसेक लेख. जिल्हा पातळीवरचे पुरस्कार. सत्काराच्या निमित्तानं आम्ही विद्यार्थ्यांनी मराठी विकिपीडियावर सरांचं पान करायचं ठरवलं. मी ते लिहिलं. चार दिवसांत त्यावर ‘उल्लेखनीयता’ (स्वतंत्र पान असण्याइतकं महत्त्व) दिसत नाही असा साचा, म्हणजे सूचनेची पाटी, लागला आणि पान काढायची चर्चा सुरू झाली. नटनट्यांची, आमदारांची पानं चालतात आणि सरांचं नको? संशोधनलेख शोधायच्या गूगल स्कॉलरवर त्यांच्या कामाचे इतरांनी केलेले उल्लेख नऊच दिसतात, त्यावरून त्यांना मोजणार का? आमच्यातल्या एकानं एक एजन्सी शोधलीय, ती पंचवीस हजारांत पान ‘पक्कं’ करून देते म्हणे. सरांना आम्ही आधीच सांगून बसलोय. एका परदेशी संशोधिकेनं तिच्या पुस्तकात सरांच्या एका वाचनावर लिहिलंय असं सर एकदा म्हणाले होते, पण ते पुस्तक मी पाहिलेलं नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. त्या परदेशी संशोधिकेच्या पुस्तकाची. पुरस्कार, लेखांची संख्या, विभागप्रमुखपद हे सगळं तुम्ही पानावर मांडलंत आणि जिच्यावर पान उभं राहू शकतं तीच गोष्ट तपासायची राहून गेली. तिच्याकडे मी येतेच. आधी तुमच्या रागाबद्दल बोलू.

नटनट्यांशी तुलना पानाच्या चर्चा पानावर (पानाला जोडलेल्या चर्चेच्या जागी) करू नका. तिथे तिचा उपयोग शून्य. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रं न सांगता लिहितात, त्यामुळे पानासाठी लागणारे संदर्भ आपोआप साठतात. अभ्यासकांच्या वाट्याला हे येत नाही, हे इंग्रजी विकिपीडियावरच्या संपादकांच्याही लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी अभ्यासकांसाठी वेगळे निकष केले, आणि ते एका अर्थानं उदार आहेत. माणसावर वर्तमानपत्रात काही आलेलं नसलं तरी चालतं, त्याच्या कामाचा ठसा इतरांच्या कामात दिसला म्हणजे झालं. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचा मोठा सन्मान, जिथे निवडून जावं लागतं अशा विद्वत्सभेची फेलोशिप, मोठ्या विद्यापीठातलं नामांकित अध्यासन किंवा कुलगुरूपद, प्रतिष्ठित संशोधनपत्रिकेचं मुख्य संपादकपद, विद्यापीठाबाहेरच्या समाजावर पडलेला प्रभाव, यांपैकी एक जरी असलं तरी पुरतं. मराठी विकिपीडियाचे निर्णय मराठी विकिपीडियाच घेतो, पण चर्चा करताना हे निकष हाताशी असले की बोलणं भावनेवरून मुद्द्यावर येतं.

या निकषांवर सर कुठे बसतात ते स्पष्टच सांगते. विभागप्रमुखपद धरलं जात नाही. किती जणांना पीएच.डी. मिळवून दिली हा आकडा धरला जात नाही. जिल्हा पातळीचे पुरस्कारही नाहीत. फेलोशिपच्या बाबतीत एक सावधगिरी : वर्गणी भरून मिळणारं आजीव सदस्यत्व आणि निवड होऊन मिळणारी फेलोशिप यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सरांच्या परिचयात ‘अमुक मंडळाचे सदस्य’ असं जे काही असेल ते नीट पाहून घ्या. म्हणजे उरतो तो पहिलाच, सगळ्यांत महत्त्वाचा निकष : सरांच्या कामाचा त्यांच्या विषयावर परिणाम झाला आहे का, आणि तो सरांशी संबंध नसलेल्या कुणी लिहून ठेवला आहे का.

हा निकष पदावर किंवा पदवीवर अवलंबून नाही. देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्याकडे मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होती, त्यापुढची पदवी नव्हती. आपली टिपणं ते स्वतःच्या पैशांनी छोट्या पुस्तिकांमध्ये छापत. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजा करा : ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि हाती येतात ६१७४. कुठल्याही संख्येपासून सुरुवात केली तरी शेवट इथेच होतो. १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. १९७५ मध्ये गणितावर लोकांसाठी लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. आज ‘कापरेकर स्थिरांक’ हा शब्द त्यांना कधीही न भेटलेले लोक वापरतात. ज्ञानकोशातली नोंद उभी राहते ती अशा वापरावर. पदव्या, पुरस्कार, स्वखर्चाची छपाई, यांतलं काहीच त्यांच्या आड आलं नाही.

तेव्हा सरांची दोन पुस्तकं स्वखर्चाची आहेत म्हणून खाली मान घालायचं कारण नाही. आपल्याकडे शिलालेखांवरचं पुस्तक काढायला कोण प्रकाशक धावत येतो? ती पुस्तकं सरांच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून चालणार नाहीत, एवढंच. पुरावा दुसऱ्यांच्या पुस्तकांत शोधायचा.

आता साच्याबद्दल. तो पाहून तुम्हाला वाटलं की सरांचं काम कुणीतरी नाकारलं. तसं झालेलं नाही. साचा लावणाऱ्यानं सरांना तपासलं नाही, तुम्ही दिलेले संदर्भ तपासले. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९८५ मध्ये त्यांनी आपले मार्गदर्शक जेरार मूरू यांच्यासोबत लेसरच्या अतिशय लहान आणि अतिशय ताकदवान स्पंदांची पद्धत प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये त्या अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. इंग्रजी विकिपीडियावर आलेला त्यांच्या पानाचा मसुदा, दिलेल्या संदर्भांवरून त्या पात्र ठरत नाहीत असं सांगून मे २०१८ मध्ये परत केला गेला. मूरू यांचं पान तोवर कित्येक वर्षं तिथे होतं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी आणि मारिया गोपर्ट-मेयर यांच्यानंतर हे नोबेल मिळवणाऱ्या स्ट्रिकलंड तिसऱ्या स्त्री, आणि त्यांचं पान झालं ते त्या बातमीनंतर. फेलोशिप आणि अध्यक्षपद यांच्या जोरावर निकष मे महिन्यातच पूर्ण होत होते. त्यांच्याबद्दल बाहेर कमी लिहिलं गेलं होतं, आणि जे होतं ते मसुद्यात नीट आलं नव्हतं. बायकांच्या बाबतीत आणि लहान गावातल्या अभ्यासकांच्या बाबतीत हे फार होतं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. पण यावर उपाय एकच : बसून पुरावा गोळा करणं.

इतका हट्ट कशासाठी, असं वाटेल. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यात कुणाची नोंद घ्यायची हे संपादक मंडळ ठरवायचं आणि प्रमुख संपादक म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या निवडीमागे उभे असत. तर्कतीर्थांचा शब्द हाच वाचकाचा भरवसा होता. विकिपीडियावर लिहिणारा कोण हे बहुतेकदा कळतच नाही. तिथे भरवसा ठेवायचा तर तो बाहेर छापून आलेल्या, कुणालाही उघडून पाहता येईल अशा मजकुरावरच ठेवावा लागतो. हा नियम मला योग्य वाटतो, आणि सरांसारख्या माणसाच्या बाबतीत तो अवघड जातो हेही खरंच आहे.

गूगल स्कॉलरवरच्या नऊ उल्लेखांचं ओझं मात्र डोक्यावरून उतरवा. छापील मराठी त्या यंत्रणेला जवळजवळ दिसतच नाही. ‘नवभारत’, ‘परामर्श’, ‘मराठी संशोधन पत्रिका’, ‘भाषा आणि जीवन’ यांच्या जुन्या अंकांतल्या तळटीपा, विद्यापीठांनी काढलेले ग्रंथ, जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तकं, यांतलं फारच थोडं तिथे पोचतं. रसायनशास्त्रात नऊ उल्लेख म्हणजे काहीच नाही, मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासात नऊ म्हणजे बरेच असू शकतात. आकडा नेहमी त्या विषयातल्या इतरांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहायचा. उलट बाजूही सांगते. हल्ली दरवर्षी ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे प्राध्यापक’ अशा बातम्या येतात. त्या यादीत लाखाहून जास्त नावं असतात. तिच्या एकट्या आधारावर मी कुणाचंही पान करणार नाही.

तेव्हा आता ग्रंथालयात जायचं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि डेक्कन कॉलेज आहेत. तुमच्या जवळच्या विद्यापीठाचं ग्रंथालयही चालेल. सरांनी ज्या गावांचे लेख वाचले त्या गावांच्या नावानं सूची पाहा. सरांच्या आडनावानं पाहिलंत तर निम्मं निसटेल, कारण आपल्याकडे पुष्कळ पुस्तकांना व्यक्तिनाम सूचीच नसते. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, गावांची नावं टाकून प्रबंध काढा. सरांच्याच हाताखाली झालेले प्रबंध बाजूला ठेवायचे, दुसऱ्या विद्यापीठातल्या कुणी एखादं प्रकरण सरांच्या कामावर खर्च केलं असेल तर ते टिपून घ्यायचं.

सापडलेला प्रत्येक उल्लेख सारख्या वजनाचा नसतो. प्रस्तावनेच्या शेवटी ‘या लेखाचा ठसा उपलब्ध करून दिल्याबद्दल अमुक सरांचे आभार’ असं वाक्य (ठसा म्हणजे कोरीव लेखाची कागदावर उमटवून घेतलेली प्रत) मिळालं तर आनंद होईल, पण पानासाठी ते निरुपयोगी. ग्रंथसूचीत सरांच्या पुस्तकाचं नुसतं नाव असेल तर तेही दुबळं. पण समजा तळटीपेत असं आहे : ‘तिसऱ्या ओळीतील व्यक्तिनामाचे अमुक यांचे वाचन स्वीकारता येत नाही, कारण पहिल्या अक्षराची वेलांटी झिजलेली असून...’ आणि पुढे अर्धं पान तोच युक्तिवाद. हे वाक्य सरांच्या विरोधात आहे म्हणून सोडून देऊ नका. कुणीतरी सरांचं वाचन इतकं महत्त्वाचं मानलं की ते खोडायला अर्धं पान घालवलं. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचं साल प्राचीन मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ असं वाचलं. त्या सालाबद्दल मतभेद आहेत, तरी मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांचा विषय निघाला की तुळपुळ्यांचं वाचन बाजूला सारून कुणाला पुढे जाता येत नाही. अभ्यासकाच्या कामाचा ठसा म्हणजे हे. सगळ्यांनी मान डोलावलीच पाहिजे असं नाही.

म्हणून ते परदेशी संशोधिकेचं पुस्तक आधी शोधा. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर आणि ग्रामदेवतांवर परदेशी अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. १९८२ मध्ये कर्नाटकातले शेट्टर आणि जर्मन अभ्यासक सोन्थायमर यांनी स्मारकशिलांवरचा मोठा ग्रंथ संपादित केला, त्यानंतर हा विषय पुढे जात राहिला. रा. चिं. ढेरे यांच्या विठ्ठलावरच्या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डनं काढला. मराठीतलं काम बाहेर वाचलं जातं, त्यावर वाद घातले जातात. सरांना पुस्तकाचं नाव आठवत नसेल तर वर्ष, गाव, लेखाचा विषय विचारा, त्या बाई त्यांच्याकडे कधी आल्या होत्या ते विचारा. त्या वयात नाव विसरतं, पण कुणासोबत कुठल्या गावाला गेलो हे सहसा विसरत नाही. पुस्तक मिळालं की ती पानं डोळ्यांखालून घाला. खरोखर दोन-तीन पानांची चर्चा असेल, आणि तसाच आणखी एखादा स्वतंत्र अभ्यासकाचा मजकूर मराठीत सापडला, तर माझ्या मते सरांचं पान व्हायला हवं आणि त्यासाठी तुम्ही ठामपणे बोलायला हवं. नुसता एका ओळीचा उल्लेख निघाला तर आत्ता थांबा. संदर्भ इंटरनेटवर असायलाच हवा असा नियम नाही. लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक एवढं द्या, ते पुरतं. पृष्ठ क्रमांक मात्र हवाच.

गौरवग्रंथाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण सत्कार म्हटला की तो येणारच. त्यातले लेख विद्यार्थ्यांचे, सहकाऱ्यांचे, प्रेमानं लिहिलेले असतात, आणि तसेच असावेत. उल्लेखनीयतेसाठी ते मोजले जात नाहीत. सत्काराची बातमीसुद्धा नाही, कारण ती बहुतेकदा आयोजकांनीच पाठवलेल्या मजकुरावर बेतलेली असते. सरांची मुलाखत म्हणजे सरांचंच बोलणं. आणि पान टिकावं म्हणून घाईनं तुम्हीच कुठेतरी सरांवर लेख छापून आणलात आणि तोच संदर्भ म्हणून दिलात, तर ते लगेच ओळखू येतं आणि खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो.

एजन्सीला एक रुपयाही देऊ नका. पान पक्कं करून देण्याचा अधिकार कुणाकडेच नाही, कुठलंही पान कधीही चर्चेला येऊ शकतं. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते जाहीर करावं अशी विकिपीडियाच्या वापराची अटच आहे आणि अशा एजन्सी ती क्वचितच पाळतात. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं ३८१ खाती एकदम बंद केली. ते प्रकरण ‘ऑरेंजमूडी’ नावानं ओळखलं जातं. परत आलेले मसुदे हेरायचे, त्यांच्या मालकांना गाठून पैसे घेऊन पान करायचं आणि पुढे ते पान ‘सांभाळण्यासाठी’ पुन्हा पैसे मागायचे, असा तो धंदा होता. तुमच्यासारखे, कुणाच्या तरी प्रेमापोटी अडलेले लोकच त्यांना हवे असतात.

सरांना काय सांगायचं? खरं तेच, आणि सगळं. आयुष्यभर ज्यांनी पुराव्याशिवाय एक अक्षर लावलं नाही त्या माणसाला ‘संदर्भ कमी पडले, शोधतोय’ हे वाक्य तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळेल. त्यांना एक गोष्ट विचारायलाही हवी होती : हे पान त्यांना हवं आहे का? हयात माणसाचं पान एकदा झालं की ते त्यांच्या ताब्यात राहत नाही. त्यांच्या वाचनावरची टीका तिथे येईल, आणि संदर्भ असेल तर ती काढता येणार नाही. जन्मतारीख, घरचे, पत्ता यांतलं छापील संदर्भ नसलेलं काहीही तुम्ही स्वतः घालू नका.

आणि सत्काराचं काय, तर माझी सूचना अशी. सरांकडे ठसे असतील, जुने फोटो असतील, वह्या असतील. त्यांतले काही दगड आज जागेवर नसतील. रस्ता रुंद झाला, देवळाचा जीर्णोद्धार झाला, कुणी भक्तिभावानं वीरगळाला ऑइलपेंट फासला, हे तुम्ही गावोगाव पाहिलंच असेल. सरांची लेखी परवानगी घेऊन ते ठसे आणि फोटो नीट स्कॅन करा आणि मुक्त परवान्याखाली (कुणालाही वापरता येतील अशा अटीवर) विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, चढवा, प्रत्येकाखाली गाव, तालुका, ठसा घेतल्याचं वर्ष आणि सरांचं नाव. स्वखर्चानं काढलेल्या दोन पुस्तकांचे हक्क बहुधा सरांकडेच असतील. त्यांची इच्छा असेल तर ती पुस्तकंही मुक्त परवान्याखाली देऊन मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मुक्त पुस्तकांच्या संग्रहावर, आणता येतात. यातल्या कशालाही उल्लेखनीयतेची अट नाही. वीरगळ, गधेगाळ आणि त्या त्या गावांच्या पानांवर सरांच्या पुस्तकाचा संदर्भ जिथे खरोखर लागतो तिथेच द्या, पंचवीस ठिकाणी पेरू नका. पंचवीस हजार रुपयांत चांगलं स्कॅनिंग होतं. सत्काराच्या दिवशी सरांसमोर लॅपटॉप ठेवून त्यांचे ठसे एकेक उघडून दाखवा. पुढे कुणी अनोळखी अभ्यासक ते वापरील, त्यावर लिहील, आणि पानासाठी आज कमी पडलेला पुरावा तेव्हा आपोआप तयार होईल.

सध्याचं पान चर्चेत आहे, तिथे भांडू नका. ‘मी या अभ्यासकांची विद्यार्थिनी आहे, छापील संदर्भ गोळा करत आहे, तोवर मजकूर माझ्या धूळपाटीवर हलवावा’ अशी विनंती चर्चा पानावर करा (धूळपाटी म्हणजे विकिपीडियावरची मसुदा लिहायची आपली जागा). नातं आधीच सांगितलं की लोक मदत करतात. धूळपाटीवर गेलात की पहिल्यांदा ‘थोर विचारवंत’, ‘व्यासंगी’, ‘ऋषितुल्य’ हे सगळे शब्द काढा. पहिलं वाक्य एवढंच पुरे : अमुक हे मराठवाड्यातील वीरगळ आणि मराठी शिलालेखांचे अभ्यासक आहेत. दुसरं वाक्य त्या परदेशी पुस्तकातल्या चर्चेबद्दल असू दे, पृष्ठ क्रमांकासह. ते पुस्तक मिळालं की त्यात नेमकं काय आहे ते मला कळवा, मसुदा मी वाचून देईन.